बाबासाहेबांचे सामान

लाखांदूरला ओळखीच्या एका घरी गेलो होतो. घरचा मुलगा कायद्याच्या शिक्षणासाठी नागपूरला निघाला होता आणि ओसरीवर आजोबांची लोखंडी पेटी भंगारवाल्यासाठी काढून ठेवली होती. पेटीत 'प्रबुद्ध भारत'चे जुने अंक, दीक्षेच्या वेळचा पांढरा सदरा आणि १९५४ च्या निवडणुकीचे एक पत्रक. मुलाचे म्हणणे असे की, हल्ली शहाणी माणसे कमीत कमी वस्तूंत राहतात, एका पिशवीत जग फिरतात. तथागतांनी तर राजवाडाच सोडला, मग आपण हा पसारा कशाला वागवायचा? मुलगा हुशार आहे, चळवळीतला आहे. म्हणूनच त्याचे बोलणे मनाला लागले.

ज्याच्याकडे आहे त्याने सोडले तर तो त्याग होतो. ज्याला ठेवूच दिले नाही त्याने काय सोडायचे? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची संपत्ती ठरवून दिली आहे: कुत्री आणि गाढवे, फुटकी भांडी, लोखंडाचे दागिने, मेलेल्यांच्या अंगावरचे कपडे. आणि हे केवळ पोथीतच राहिले असे कुणी समजू नये. गुजरातमधील झानू गावात १९३५ साली अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यातून पाणी आणले म्हणून त्यांना मारहाण झाली. इंदूरकडच्या बलाई समाजाला जरीकाठी पागोटे आणि सोन्याचांदीचे दागिने वापरायला बंदी घातली गेली. ही दोन्ही उदाहरणे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात नोंदवली आहेत. आपल्या वाडवडिलांचे कमी सामान ही साधी राहणी नव्हती, ती शिक्षा होती.

आता बाबासाहेबांचे आयुष्य या एका बाजूने पाहा.

परळच्या डबक चाळीतली एक खोली. मुलाला पुस्तक हवे असले की सुभेदार रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना घेत, तो सावकाराकडे गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. बाबासाहेबांच्या पहिल्या पुस्तकांची किंमत बहिणींच्या दागिन्यांनी चुकवली गेली. तो माणूस पुढे पुस्तकाला नुसती वस्तू कसा समजेल?

१९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले. तिथे जेवणात काटकसर करून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. निघताना ती एका स्नेह्याच्या हवाली केली, त्यांतली काही गहाळ झाली. लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये परतावे लागले. सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते, आणि महायुद्धाच्या त्या दिवसांत ती बोट पाणतीराने बुडाली. थॉमस कुककडून नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले, आणि त्याच पैशांवर ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. तिथे पारशी सराईतून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कामाठी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली. परदेशी विद्यापीठाचा पदवीधर, महाराजांचा अधिकारी, आणि सामान ठेवायला चार हात जागा नाही! त्या दिवशीच्या अनुभवाशिवाय 'राजगृह' समजत नाही, असे माझे मत आहे.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहिले, पण पुस्तके घेणे थांबले नाही. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. नाव दिले मगधाच्या राजधानीचे. संसारात रमाईच्या वाट्याला आलेली ओढाताण विसरून हे लिहिता येत नाही. २७ मे १९३५ रोजी त्याच राजगृहात त्या गेल्या. पुस्तकांची किंमत त्या घरात एकट्या बाबासाहेबांनी मोजली नाही.

बाबासाहेब काहीही जवळ बाळगत असे मात्र नव्हे. महाडला १९२७ साली त्यांनी आपल्या स्त्रियांना जातीची खूण सांगणारे जड दागिने टाकायला आणि लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. मेलेल्या जनावराचे मांस आणि दुसऱ्याचे उष्टे सोडायला लावले. दुसऱ्याने लादलेले टाकायचे, स्वतः निवडलेले जपायचे, हा त्यांचा हिशेब होता. म्हणून १९३१ च्या गोलमेज परिषदेत गांधीजी पंचा नेसून वावरले आणि बाबासाहेब सुटात. एकाला उतरवण्यासारखे काही होते. दुसऱ्याच्या समाजाला ते चढवण्याचाच अधिकार नव्हता. आजही आपल्या वस्तीतला पुतळा कोट घातलेला आणि हातात ग्रंथ असलेला असतो, तो काही मूर्तिकाराच्या हौसेने नव्हे.

दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या घरी बुद्धमूर्ती होत्या, फाउंटन पेन होती, बाग होती. उतारवयात ते व्हायोलिन शिकले. शरीर साथ देत नसताना, वाद्य शिकण्याचा व्यावहारिक उपयोग शून्य असताना! आणि याच घरात त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला, ज्यात बुद्धाने दारिद्र्याचा गौरव केला नाही हे त्यांनी आवर्जून मांडले. भिक्खूला आठ वस्तूंची मर्यादा आहे, ती भिक्खूला. अनाथपिंडिक हा गृहस्थ होता. त्याला तथागतांनी न्यायाने मिळवलेली संपत्ती असण्याचे आणि ती उपभोगण्याचे सुख हे सुखच असल्याचे सांगितले.

बाबासाहेब साठवून बसणारेही नव्हते. सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा त्यांच्या संग्रहातले कितीतरी ग्रंथ तिकडे गेले.

६ डिसेंबर १९५६ नंतर काय झाले? अलीपूर रोडच्या घराचा ताबा गेला, तेव्हा १९६७ साली त्यांचे काही कागद बाहेर पडले आणि पावसात भिजून नष्ट झाले. त्या कागदांत काय होते, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. जे वाचले त्यातून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून खंड काढले. हस्तलिखितात पडून राहिलेले 'रिडल्स' १९८७ साली जगापुढे आले. कुणीतरी अडगळ म्हणून विकले असते तर? जपलेल्या वस्तू पुण्याला सिम्बायोसिसच्या संग्रहालयात आणि नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आहेत. चिचोलीचे काम वामनराव गोडबोले यांनी उभे केले. तिथला कोट आणि टंकलेखन यंत्र पाहताना म्हातारी माणसे हात जोडून उभी राहतात, आणि पोरे मोबाइलवर फोटो काढतात. दोन्ही चालेल.

मुलाला मी एवढे सगळे सांगितले नाही. वकिलाची सवय म्हणून फक्त पेटीतले पत्रक वाचायला दिले. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते, आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि ते हरले. पुस्तकात ही दोन ओळींची नोंद असते. त्याच्या आजोबांनी तो कागद इतकी वर्षे घडी करून ठेवला होता.

मुलाने पेटी आत नेली. नागपूरच्या एसटीत त्याच्यासोबत दोन पिशव्या होत्या. सदरा आणि पत्रक घरीच राहिले. 'प्रबुद्ध भारत'चे अंक मोजले तर अकरा निघाले. त्यातले चार उधईने खाल्ले आहेत.