राजाचे ताट

औंध म्हटले की आम्हा पिंपरीकरांना आठवते ते सांगवीच्या पुलापलीकडचे, मुळेच्या काठावरचे औंध. मी ज्या औंधाविषयी लिहिणार आहे ते हे नव्हे. ते सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. इंग्रजी अमदानीत ती एका लहानशा संस्थानाची राजधानी होती. गावे अवघी ७२, आणि तीही सलग नव्हेत. या संस्थानाचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. रथसप्तमीला शाळेच्या पटांगणात आपण सर्वांनीच सूर्यनमस्कार घातले आहेत. पण ते शाळेत येण्यामागे या राजाचा केवढा हात होता, हे मला तरी शाळेत कोणी सांगितले नव्हते.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले. त्या काळी राजपुत्राला पदवीची गरज काय होती? गादीवर बसायला परीक्षा लागत नाही. पण यांना शिकायची हौस होती. ते चित्रे काढीत, कीर्तन करीत, आणि शरीर कमावण्याचा त्यांना छंदच होता. राजवाड्यात शरीर सुटायला वेळ लागत नाही. बोलावताच माणूस हजर, पानात तूप आणि सणासुदीला पंगती! राजेसाहेबांनी हा धोका वेळीच ओळखला असावा.

१८९७ च्या सुमारास, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सँडोची साधने मागवली. युजेन सँडो हा जर्मन मल्ल तेव्हा लंडनमध्ये गाजत होता. त्याची पुस्तके, डंबेल्स आणि स्प्रिंगची साधने जगभर विकली जात. आजच्या जिमच्या जाहिरातींचा हा आजोबाच म्हणायचा. बाळासाहेबांनी त्याच्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. पुढे १९०८ साली मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी सूर्यनमस्कार धरले. वय चाळिशीला आलेले. १९०९ मध्ये ते गादीवर आले, पण नमस्कार सुटले नाहीत.

नमस्कार मुळात जुनेच. रामदासी परंपरेत, आखाड्यांत आणि देवघरांपुढे ते घातले जातच होते. राजेसाहेबांनी त्यांना शिस्त लावली. एका नमस्काराच्या दहा स्थिती त्यांनी ठरवल्या (आपण आज बहुधा बारा मोजतो), प्रत्येक स्थितीशी श्वास जोडला आणि वयाप्रमाणे संख्या सांगितली. प्रौढ माणसाने वाढवत वाढवत ३०० पर्यंत जावे, असा त्यांचा हिशेब होता. कोणाला हा आकडा राजेशाही वाटेल. मलाही वाटला. पण सँडोची साधने विकत घ्यावी लागतात, आणि नमस्काराला लागते ती आपल्या अंगाएवढी जागा. एवढी जागा आमच्या दहा बाय दहाच्या खोलीतही निघते. पाठीचा कणा पुढे वाकतो, मागे वाकतो, दंडांवर भार येतो, पोट आवळले जाते. राजेसाहेबांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले. मुलींनाही त्यांतून वगळले नाही. त्यांच्या राणीसाहेबही नमस्कार घालीत.

पण मला या माणसाविषयी लिहावेसे वाटले ते नमस्कारांमुळे नव्हे, ताटामुळे. त्यांनी सूर्यनमस्कारांवर मराठीत आणि इंग्रजीत लिहिले. १९३८ साली लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांचे इंग्रजी पुस्तक नव्याने संपादित करून लंडनमध्ये काढले. त्यांच्या लेखनात आहाराला मोठी जागा आहे. पॉलिशचा पांढरा तांदूळ नको, हातसडीचा खा. मैदा नको, कोंड्यासकट पीठ खा. पांढरी साखर, चहा, कॉफी आणि तंबाखू यांच्यापासून दूर राहा. दूध घ्या, फळे आणि कच्च्या भाज्या खा. बेताने जेवा आणि चावून चावून जेवा.

यात नवे काय, असे आज कोणीही म्हणेल. पण काळ पाहा. गिरणीचा पांढरा तांदूळ आणि चहा या तेव्हा सुधारलेपणाच्या खुणा होत्या. शहरातून आलेला पाहुणा चहा मागे आणि खेडे तो शिकत होते. नेमके त्याच सुमारास जगात या गोष्टीचा शोध चालला होता. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरला दिसले की सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या पायांनी लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात. त्याला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कुन्नूरला मॅकॅरिसन यांनी उंदरांचे गट करून एकेका गटाला हिंदुस्थानच्या एकेका प्रांताचे जेवण घातले. गव्हाची पोळी, दूध, डाळ आणि भाज्या खाणारे, म्हणजे शिखांचे जेवण मिळालेले उंदीर सर्वांत धट्टेकट्टे निघाले. मराठ्यांचे जेवण जेवणाऱ्यांचा नंबर पठाणांच्या गटाच्याही मागे लागला, आणि पांढऱ्या भातावर जगणारे मद्रासी गटाचे उंदीर तळाशी राहिले. तेव्हा राजेसाहेबांचा आग्रह हे नुसते सोवळे नव्हते. गरिबाच्या ताटातली भाकरी आणि हातसडीचा भात हेच मोलाचे अन्न आहे, असे एक राजा सांगत होता. आणि तेच अन्न गरीब माणूस लाजून टाकून देत होता.

हे आज आठवण्याचे कारण सांगते. आम्ही काही मुली पोलीसभरतीसाठी पहाटे मैदानावर सराव करतो. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. अंगावरची चरबी उतरली तर वेळ सुधारते हे खरे. म्हणून आमच्यातल्या काहीजणींनी रात्रीचे जेवणच सोडले होते. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव, रात्री पाणी. वजन उतरले, पण दुसऱ्या फेरीला पाय उचलेनात. एकीला तर मैदानावरच घेरी आली. उपाशी शरीर नुसती चरबी जाळत नाही, स्नायूही खाते. चरबी जावी आणि स्नायू राहावा असे वाटत असेल तर जेवण थोडेसेच आटोपते घ्यावे, पण त्यात प्रथिने भरपूर हवीत आणि स्नायूला रोज काम हवे. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटाचीच चरबी जाते, हाही भ्रमच. ती सगळ्या अंगावरून आपल्या क्रमाने उतरते.

राजेसाहेबांनी प्रथिनांचे ग्रॅम मोजले नव्हते. तरी त्यांनी साखर काढली आणि चोथ्याचे, चावून खायचे अन्न वाढले. त्याने पोट भरते आणि ताट आपोआप आटोपते होते. माझे त्यांच्याशी पटत नाही ते दुधाबाबत. त्यांच्या वाड्यात दुधाचा भाव कोणी विचारला नसेल. आमच्याकडे लिटरभर दूध पाच माणसांत चहाला जाते. त्यांचे ताट शाकाहारी, आमच्याकडे अंडी आणि सुकट. मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे, ज्वारीची भाकरी आणि एक अंडे हे मात्र आमच्या खर्चात बसते. शिवाय एक अडचण कुठल्याच पुस्तकात नसते. घरात आई आणि मुलगी शेवटी जेवतात, आणि तोवर पातेल्यात रस्साच उरतो.

रिकाम्या पोटाची ही गोष्ट औंधलाही नवी नव्हती. साने गुरुजी विद्यार्थिदशेत काही काळ तिथे होते. त्यांचे तिथले दिवस किती ओढगस्तीत गेले हे त्यांच्या वाचकांना ठाऊकच आहे. नमस्कार सर्वांना सारखे असले तरी नमस्कारांनंतरचे ताट सर्वांना सारखे नसते. राजेसाहेबांवर टीका करायची तर इथे करावी.

त्यांच्या इतर कामांवर वेगळा लेख होईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा देऊन त्यांनी १९१० मध्ये कारखाना उभारू दिला. तेच किर्लोस्करवाडी. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी-वसाहत निघाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'चे मूळ तिथे आहे. १९३९ मध्ये तर गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. राज्य गेले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, बाळासाहेब वारले.

आमच्या गटातल्या सगळ्याजणी आता रात्री जेवतात. सरावानंतर कोणी डब्यातून हरभरे आणते, कोणी उकडलेले अंडे, आणि एकीची आई गुळाचा लहानसा खडा बांधून देते. गूळ राजेसाहेबांना चालला असता की नाही, यावर आमचा वाद चालू आहे.