चार्ल्स केटरिंग : मोटारगाडीचे हँडल सोडविणारा शेतकरीपुत्र

काही दिवसांपूर्वी आमच्या नगर शहरातील एका मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात काही मुलांसह जाण्याचा योग आला. तेथे सुमारे सत्तर वर्षांपूर्वीची, दोनच माणसे बसतील अशी, एक विलायती स्पोर्ट्स मोटार उभी होती. रंगरूपाने ती अद्याप तरुण दिसत होती. परंतु कळ दाबताच नुसता खट् असा आवाज होई आणि इंजिन जागचे हलत नसे. मिस्त्रींनी प्रथम बॅटरीची अर्थिंगची तार सोडविली; कारण स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड तारेत वीज सदैव असते आणि पान्याचा चुकून स्पर्श झाल्यास मोठी ठिणगी पडते. नंतर दोन बोल्ट काढून त्यांनी स्टार्टर, म्हणजे आपल्याकडे ज्यास ‘सेल्फ’ म्हणतात तो, खाली उतरविला. त्याचे कार्बन झिजून आखूड झाले होते, तांब्याचा कम्युटेटर काळवंडला होता आणि लहान दातेरी चाकाचे दात बोथट झाले होते. नवा सेल्फ बसविण्यापूर्वी त्यांनी फ्लायव्हीलच्या कडेचे दातही एकेक करून पाहिले. ते मोडके असते, तर नव्या सेल्फचे दातही थोड्याच दिवसांत खराब झाले असते, असे त्यांनी मुलांस समजावून सांगितले.

सर्व जोडणी झाल्यावर कळ दाबली आणि क्षणार्धात इंजिन गुरगुरू लागले. तेव्हा एका मुलाने विचारले, की हे यंत्र प्रथम कोणी केले? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे अल्पचरित्र लिहीत आहे.

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो प्रांतात, लाउडनव्हिल गावाजवळील एका शेतावर, २९ ऑगस्ट १८७६ रोजी झाला. घरची स्थिती साधारण शेतकऱ्याची. गुरांची निगा, पेरणी, कापणी ही कामे त्यांनी लहानपणी केली. बुद्धी तीव्र, परंतु दृष्टी दुर्बल. थोडे वाचन होताच डोके असह्य दुखू लागे. शालेय शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी खेड्यातील शाळेत शिक्षकाचे काम केले आणि मग विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु डोळ्यांनी दगा दिला व अभ्यास अर्ध्यावर सोडून त्यांस परतावे लागले.

अशा वेळी पुष्कळ तरुण आपले नशीब फुटले असे मानून बसतात. केटरिंग यांचेही मन काही काळ खचले होते. तथापि उपजीविकेसाठी त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम पत्करले. खांब उभे करावयाचे, तारा ओढावयाच्या, बिघाड शोधावयाचा, असे ते कष्टाचे काम होते. परंतु पुस्तकात जी वीज त्यांस वाचवत नव्हती, ती येथे त्यांच्या हाताशी आली आणि मनास पुन्हा उभारी आली. याच काळात त्यांची ऑलिव्ह विल्यम्स या युवतीशी ओळख झाली. पुढे १९०५ साली त्यांचा विवाह झाला. डोळ्यांस आराम पडताच ते विद्यापीठात परतले व १९०४ साली विद्युत्‌-अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते. ज्यांचा अभ्यास एखादे वर्ष मागे पडला म्हणून घरात चिंता पसरते, त्या मुलांनी व त्यांच्या पालकांनीही हे वय ध्यानात ठेवावे.

पदवीनंतर केटरिंग डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरीस लागले. दुकानातील पैशांच्या यंत्राचा दांडा तोपर्यंत हाताने फिरवावा लागे. त्यास केटरिंग यांनी लहानशी विजेची मोटार जोडली. येथे त्यांस एक मर्म उमगले. जी मोटार दिवसभर फिरावयाची, ती मोठी व थंड राहणारी हवी. परंतु जिला क्षणभरच जोर लावून मग विसावा घ्यावयाचा आहे, ती लहान असली तरी तिच्याकडून त्या क्षणापुरते पुष्कळ काम घेता येते. हमाल दिवसभर पोते वाहू शकत नाही, परंतु पाच पावले मात्र दुप्पट ओझेही नेऊ शकतो, तसाच हा प्रकार.

त्या काळी मोटारगाडी सुरू करणे हे मल्लाचे काम होते. पुढे उभे राहून लोखंडी हँडल जोराने फिरवावे लागे. ठिणगी अवेळी पडली, तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. वृद्धांस व अशक्तांस मोटार असून नसल्यासारखीच होती. एका परिचिताचा असाच हँडलचा तडाखा बसून अंत झाला, म्हणून कॅडिलॅक मोटारीचे निर्माते हेन्री लीलंड व्यथित झाले व त्यांनी हा प्रश्न केटरिंग यांच्यापुढे ठेवला, अशी हकीकत सांगतात. दाबलेली हवा, स्प्रिंगा असे उपाय इतरांनी करून पाहिले होते. विजेविषयी जाणत्यांचे मत असे, की इंजिन फिरवील एवढी मोटार व बॅटरी गाडीत मावणारच नाही.

केटरिंग व त्यांचे मित्र एडवर्ड डीड्स यांनी तत्पूर्वीच, डीड्स यांच्या घरामागील एका कोठारात, फावल्या वेळी मोटारीची विद्युत्‌-साधने बनविण्यास आरंभ केला होता आणि १९०९ साली डेल्को ही संस्था स्थापिली होती. त्याच कोठारात हे काम चालले. पैशांच्या यंत्राचा अनुभव येथे कामी आला. मोटार क्षणभरच फिरावयाची, मग तिच्यावर तेवढ्यापुरता जादा भार का टाकू नये? दातेरी चाकांच्या योगाने लहान मोटारीचा वेग कमी करून तिचे बळ वाढविले आणि ते फ्लायव्हीलला लावले. इंजिन सुरू झाल्यावर तेच यंत्र उलट बॅटरी भरण्याचे काम करी. १९११ च्या आरंभी हे यंत्र कॅडिलॅकच्या गाडीवर चालवून दाखविण्यात आले व १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर ते विजेच्या दिव्यांसह बसविले गेले. त्याबद्दल लंडनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी दिली. पुढे काही वर्षांतच स्टार्टर सर्वत्र रुळला. इंजिनात दात अडकविण्याच्या व सोडविण्याच्या युक्त्या नंतर सुधारल्या. पण मूळ मर्म तेच राहिले.

केटरिंग १९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन-विभागाचे प्रमुख होते. रेल्वेच्या डिझेल इंजिनांस त्यांच्या प्रयोगांनी हलकेपणा व बळ दिले. अपयशही त्यांनी पुष्कळ पाहिले. तांब्याच्या पट्ट्यांनी हवेवर थंड होणारे त्यांचे इंजिन १९२३ साली बाजारात आले आणि दोषांमुळे त्या गाड्या परत घ्याव्या लागल्या.

येथे एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. इंजिनाचा ठोका थांबविण्यासाठी १९२१ साली त्यांच्या हाताखालील टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती शोधली व केटरिंग यांनी तिचा पुरस्कार केला. शिसे विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होते. १९२४ साली न्यू जर्सीतील एका कारखान्यात पाच कामगार त्यायोगे मृत्युमुखी पडले. वैद्यांनी धोक्याची सूचना दिली असताही ते पेट्रोल जगभर विकले गेले आणि गाड्यांच्या धुरातून ते विष बालकांच्या रक्तात उतरले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि गाड्यांसाठी त्याची विक्री जगातून २०२१ साली संपली. ज्या हाताने मनगटे वाचविली, त्याच हाताच्या छायेखाली हे झाले. थोरांचे चरित्र वाचताना त्यांची चूक झाकू नये आणि चुकीपायी त्यांचे सत्कृत्यही विसरू नये.

संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी संशोधन व वैद्यकाकडे वळविला. १९४५ साली न्यूयॉर्क येथे कर्करोगाच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या स्लोन-केटरिंग संस्थेस त्यांचे नाव आहे. १९४६ साली पत्नी निवर्तल्या आणि २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनीही देह ठेवला.

मुलांनो, त्या दिवशी मिस्त्रींनी काढून टाकलेला जुना सेल्फ आम्ही मागून आणला असून तो शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. तो उघडून पाहा. त्यातील तांब्याच्या वेटोळ्यांत एका अशक्त डोळ्यांच्या शेतकरीपुत्राची चिकाटी गुंडाळलेली आहे. आपल्या जिल्ह्यातील कित्येक मुले अशाच शेतांवरून या शाळेत येतात. हाताने काम करण्याची त्यांस लाज वाटू नये. आणि जे यंत्र आपण घडवू त्याच्या धुराचे पुढे काय होईल, हा प्रश्न विचारण्यास ती केटरिंग यांच्याहून अधिक तत्पर असोत, एवढीच इच्छा आहे.