बाबा पदमनजी आणि त्यांची यमुना

वसई-विरारकडील खेड्यांत कथा सांगून शिकविणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस एक शंका वारंवार विचारण्यांत येते: रचलेली गोष्ट सांगणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे काय? नाथान भविष्यवाद्यानें दावीद राजास गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, ती वाचकांस ठाऊकच आहे. आज आम्ही आपल्याच भाषेंतील एका गोष्ट रचणाऱ्याचें चरित्र सांगतों.

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ सालीं बेळगांव येथें कासार ज्ञातींत झाला. लहानपणीं पूजा, व्रतें, उपासतापास हें सर्व त्यांनीं मोठ्या निष्ठेनें केलें. पुढें बेळगांव व मुंबई येथील मिशनच्या शाळांत ते शिकले, परमहंस सभेंत जाऊं लागले, आणि १८५४ सालीं बेळगांवास त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यास ते पाळक होते. शंभरांहून अधिक लहानमोठीं पुस्तकें लिहून १९०६ सालीं ते निवर्तले. त्यांत अधिक नांव राहिलें तें १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटना’चें.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला होता, तरी घरोघर केशवपन चालूच होतें. या विषयावर निबंध लिहून भागलें असतें. बाबांनीं यमुना व विनायक या जोडप्यास प्रवासास काढिलें. गांव बदललें कीं बिऱ्हाड बदलतें, आणि नव्या ठिकाणीं नव्या विधवेची हकीगत कानीं येते. एवढ्यावर पुस्तक थांबतें तर तें हकीगतींचें गाठोडेंच झालें असतें. परंतु पुढें विनायक मरतो, आणि इतका वेळ परक्यांचें दुःख ऐकणारी यमुना स्वतःच त्या बायकांच्या पंक्तींत जाऊन बसते. दुरून हळहळणाऱ्या वाचकास आतां आपल्या घरची लेक दिसूं लागते.

त्यानंतर हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं व रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालीं निघाली. त्यांतील अद्भुत योगायोगांची लोकांस मोठी गोडी लागली. बाबांनीं मात्र शेजारच्या घरांत घडणारें तेंच घेतलें. सोंवळें, सण, बायकांचें बोलणें हें त्यांस बालपणापासून ओळखीचें होतें; कल्पना चालविली ती जुळणीपुरती.

दोषही आहेत. पात्रें बोलतां बोलतां प्रवचन करूं लागतात. आणि ख्रिस्ती झालेल्या यमुनेचा पुनर्विवाह लेखकानें जरा घाईनें उरकला, असें आम्हांस वाटतें.

एका संध्याकाळीं विरारकडील एका घरीं आम्ही त्यांतील कांहीं भाग वाचून दाखविला. चूल निवाली तरी बायका उठल्या नाहींत. शेवटीं एका म्हातारीनें, ही मुलगी कोणत्या गांवची, आणि तिला माहेरचें कोणी न्यावयास आलें होतें कीं नाहीं, असें आम्हांस विचारिलें.