उजवा हात गेला, मग त्याने डाव्या हाताने ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं! तेही दोनदा

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ अनेकदा नेमबाजाच्या हातानुसार कोरलेली असते. तळवा भरून यावा, अंगठ्याला टेकू मिळावा आणि तर्जनीचं पेर नेमकं ट्रिगरवर यावं, यासाठी. मूठ नीट बसली नाही, तर ट्रिगर दाबताना नळी बाजूला सरकते आणि नेम चुकतो. उजव्या हातासाठी कोरलेली मूठ तर डाव्या हातात बसतच नाही.

हंगेरीच्या कॅरोली टकाक्स यांना मूठच नाही, हातच बदलावा लागला.

१९१० साली बुडापेस्टमध्ये जन्मलेले टकाक्स सैन्यात सार्जंट होते. नेमबाजीत तरबेज, पण १९३६ च्या ऑलिम्पिक संघात जागा मिळाली नाही. कारण? संघात फक्त अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. पुढे हा नियम हटला. पण १९३८ मध्ये सरावादरम्यान सदोष हातबॉम्ब हातातच फुटला आणि उजवा पंजा निकामी झाला.

महिनाभर रुग्णालयात काढल्यावर त्यांनी गुपचूप डाव्या हाताने सराव सुरू केला. पकड, तोल, ट्रिगरवरचा दाब, सगळं पहिल्यापासून. १९३९ मध्ये ते थेट राष्ट्रीय विजेते झाले!

महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक रद्द झाली. अखेर १९४८ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, लंडनला त्यांनी रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात ५८० गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. १९५२ मध्ये हेलसिंकीतही तेच!

१९७६ मध्ये त्यांचं निधन झालं. मूठ हाताप्रमाणे घडवता येते. टकाक्स यांनी हातच नव्याने घडवला.