होमी भाभा, टिफ्रॅक आणि माझी क्रॅश झालेली लायब्ररी

गेल्या वर्षी मी एक छोटी थ्रेड लायब्ररी लिहिली. इंटेलच्या लॅपटॉपवर मस्त चालली, पण एआरएमच्या फोनसाठी बिल्डसुद्धा होईना. अख्खा आठवडा गेला! नंतर कळलं, असा पेच आपल्या मुंबईत साठ वर्षांपूर्वीच येऊन गेलाय. त्या गोष्टीत होमी भाभा आहेत.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९चा, मुंबईतलाच. केंब्रिजला इंजिनिअरिंग केलं, पण मन रमलं भौतिकशास्त्रात. १९३९मध्ये सुट्टीसाठी भारतात आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, उभी केली. आधी पेडर रोडचा बंगला, मग गेटवेजवळची यॉट क्लबची जुनी इमारत आणि १९६२मध्ये कुलाबा.

तिथे आर. नरसिंहन यांच्या तरुण टीमने भाभांच्या पाठिंब्यावर चक्क कॉम्प्युटर बांधला. १९६०मध्ये तो पूर्ण चालू झाला, पुढे नाव पडलं टिफ्रॅक. मेमरी ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० केबी. तुमच्या एका सेल्फीलाही पुरणार नाही!

१९६४मध्ये अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला. त्याची यंत्रभाषा वेगळी, त्यामुळे टिफ्रॅकच्या यंत्रभाषेतला प्रोग्रॅम त्यावर जसाच्या तसा चालणं शक्यच नव्हतं. पण नव्या मशीनवर फोरट्रान होती. तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम, कंपायलर असेल तर, थोड्याफार बदलांनी दुसऱ्या मशीनवरही नेता येतो.

माझ्या लायब्ररीचं दुखणं हेच होतं. युझर-लेव्हल थ्रेड म्हणजे काय, तर कर्नलला दरवेळी न विचारता प्रोग्रॅमच एक काम थांबवून दुसरं सुरू करतो. थांबवताना रजिस्टर आणि स्टॅक पॉइंटर जपून ठेवावे लागतात, नाहीतर परतल्यावर काम कुठे सोडलं ते सापडत नाही. ही रजिस्टरं इंटेलची वेगळी, एआरएमची वेगळी. आणि मी इंटेलचा असेंब्ली कोड सगळीकडे पेरून ठेवला होता.

उपाय सोपा निघाला. ही अदलाबदल प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळ्या छोट्या फाइलमध्ये टाकली. थ्रेडची रांग, कोणाचा नंबर कधी, कोणतं काम कोणत्या कोअरवर, हे बाकी सगळं साध्या सीमध्ये.

२४ जानेवारी १९६६ला माँ ब्लाँवर विमान कोसळलं आणि भाभा गेले. वय फक्त ५६. टिफ्रॅकही तोवर मागे पडला होता. मशीन जातंच. म्हणून कोड लिहिताना मी आता आधी ठरवतो, यातलं मशीनचं किती आणि आपलं किती.