ऑलिव्हर हेव्हिसाइड

ऑलिव्हर हेव्हिसाइड याचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडन शहरात एका गरीब कुटुंबात झाला. बालपणीच्या आजारामुळे त्याला कमी ऐकू येऊ लागले. सोळाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. परंतु विद्येची गोडी सुटली नाही.

पुढे तो तारायंत्राच्या कंपनीत नोकरी करू लागला. समुद्रातून टाकलेल्या लांब तारेतून संदेश पाठविला, की त्यातील खुणा एकमेकींत मिसळून अस्पष्ट होत. असे का व्हावे, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. १८७४ साली त्याने नोकरी सोडली आणि घरी राहून मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या कठीण ग्रंथाचे अध्ययन आरंभिले. त्याला गुरू कोणी नव्हता.

पाटातून जशी पाण्याची लाट जाते, तशी तारेच्या वाटेने विजेची लहर जाते. पाट एकाएकी अरुंद झाला, तर लाटेचा काही भाग मागे फिरतो. विजेचेही तसेच आहे. बदलत्या विद्युतप्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधास हेव्हिसाइडने १८८६ साली ‘इंपीडन्स’ हे नाव दिले. तारेतील प्रवर्तन हा गुण योग्य प्रमाणात वाढविल्यास संदेश न बिघडता दूर जाईल, हेही त्याने १८८७ साली गणिताने सिद्ध केले. ब्रिटिश टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी विल्यम प्रीस याला हे मत मान्य नव्हते. त्याने हेव्हिसाइड बंधूंचा लेख प्रसिद्ध होऊ दिला नाही. परंतु १९०० सालच्या सुमारास अमेरिकेत टेलिफोनच्या तारांना ठरावीक अंतरावर वेटोळी जोडण्यात आली, आणि बोलणे दूरवर स्पष्ट ऐकू येऊ लागले. त्या शोधाचे धन दुसऱ्यांस मिळाले. हेव्हिसाइडचे दारिद्र्य तसेच राहिले.

१८९१ साली रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. १९२२ साली पहिले फॅरडे पदक त्याला अर्पण झाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी टॉर्की येथे त्याचे देहावसान झाले.

आज संगणकातील सर्किट बोर्डावर तांब्याच्या बारीक पट्ट्यांतून संदेश धावतात. पट्टीची रुंदी, जाडी व खालच्या तांब्याच्या थरापासूनचे अंतर यांवर तिचे इंपीडन्स अवलंबून असते. पुष्कळदा ते ५० ओहम ठेवतात. मध्येच ते बदलले, तर लहर मागे परतते व संदेश बिघडतो. म्हणून बोर्ड आखणारा अभियंता प्रत्येक पट्टी मोजूनमापून आखतो. ज्याचा लेख एके काळी अडविला गेला, त्याचेच गणित आज त्याला वाट दाखविते. सत्याला मान्यता मिळण्यास विलंब लागतो. पण म्हणून सत्य खोटे ठरत नाही.