मेंदूच्या लहरींचा शोधक : डॉ. हान्स बेर्गर

राजगडाच्या पायथ्याशी वसलेल्या गुंजवणे गावातील एखाद्या आजीचे मांडीचे हाड मोडले व तिला शस्त्रक्रियेसाठी पुण्यास नेले, अशी कल्पना करा. शस्त्रक्रिया उत्तम होते. परंतु दुसऱ्या रात्री आजी घरच्या माणसांस ओळखेनाशी होते, भलतेच बरळू लागते. कोणी म्हणतो वात झाला, कोणी म्हणतो बाधा झाली. डॉक्टर ह्या विकारास डिलिरियम म्हणतात. आरडाओरडा करणारा रोगी सर्वांच्या ध्यानी येतो. पण जो निमूटपणे पडून राहतो, त्याचा भ्रम थकवा समजून दुर्लक्षिला जातो, आणि त्यामागील जंतुबाधा, प्राणवायूची उणीव किंवा औषधाचा दोष ह्यांवर वेळीच उपाय होत नाही. असा मूक भ्रम ओळखण्याची वाट ज्यांच्या शोधामुळे खुली झाली, त्यांचे हे अल्पचरित्र होय.

हान्स बेर्गर ह्यांचा जन्म जर्मनीत कोबुर्ग नगरानजीक २१ मे १८७३ रोजी झाला. वडील वैद्य होते. मातामह फ्रीडरिख र्‍युकर्ट हे नामांकित कवी असून नलदमयंतीचे आख्यान त्यांनी जर्मन भाषेत आणिले होते. बेर्गर ह्यांचा ओढा प्रथम खगोलशास्त्राकडे होता. परंतु लष्करात असता एके दिवशी ते घोड्यावरून तोफेच्या गाड्यासमोर पडले व थोडक्यात बचावले. त्याच सायंकाळी वडिलांची तार आली. दूर घरी असलेल्या बहिणीस भाऊ संकटात असल्याचा भास झाला होता. मन मनाशी कसे बोलते, हा प्रश्न त्यांच्या अंतःकरणात रुतून बसला, आणि ते वैद्यकाकडे वळले.

१८९७ साली पदवी घेऊन ते येना येथील मनोरुग्णालयात रुजू झाले व १९१९ साली तेथील मुख्य झाले. मेंदूतील रक्ताभिसरण व उष्णता मोजण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. पण मनासारखे फळ मिळाले नाही. अखेर १९२४ साली, कवटीवर शस्त्रक्रिया झालेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या मेंदूतील अतिसूक्ष्म विद्युल्लहरी त्यांनी टिपल्या. आपली चूक तर होत नाही ना, ह्या शंकेने ते पाच वर्षे स्वतःच्या मुलावर व इतरांवर पुनःपुन्हा पडताळा पाहत राहिले, आणि मगच १९२९ साली त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसले असता सेकंदास सुमारे १० लहरी उमटतात. डोळे उघडताच त्या मोडतात. पुष्कळांनी ही गोष्ट खरी मानिली नाही. १९३४ साली केंब्रिज येथील एड्रियन व मॅथ्यूज ह्यांनी स्वतः प्रयोग करून ती खरी ठरविली, तेव्हा जगाचे डोळे उघडले.

त्यांच्या चरित्रास एक काळी बाजूही आहे. नाझी राजवटीत, मनोरुग्णांवर बळजबरीने वंध्यत्व लादणाऱ्या न्यायालयाच्या कामात त्यांनी भाग घेतला. ज्ञान थोर असले, तरी त्याने अन्याय झाकला जात नाही. १९३८ साली ते निवृत्त झाले. पुढे विषण्णतेच्या विकाराने ग्रासले जाऊन १ जून १९४१ रोजी त्यांनी स्वहस्ते आपल्या जीविताचा अंत केला.

विचार दूर नेणारी शक्ती त्यांस सापडली नाही. परंतु सापडले ते अधिक उपयोगी ठरले. १९४४ साली अमेरिकेतील रोमानो व एंगेल ह्या डॉक्टरांनी दाखविले की, भ्रम होताच ह्या लहरी मंदावतात आणि भ्रम ओसरताच पुन्हा वेग धरितात. म्हणून आज कपाळावर व डोक्यावर मोजक्याच पट्ट्या लावून काही मिनिटांत ही मंदगती टिपण्याचे प्रयोग चालू आहेत. तथापि यंत्र हे केवळ साह्यकारी. रोग्याशी बोलून केलेली पारख हीच अद्याप मुख्य होय.

ह्यात तुमचाही वाटा आहे. आपल्या आजीआजोबांचे नेहमीचे वागणे घरच्या माणसांइतके कोणास ठाऊक असते? शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या उशाशी बसा, चष्मा हाती द्या, आजचा वार सांगा, आणि त्या एकाएकी गप्प झाल्या वा बदलल्यासारख्या वाटल्या, तर वय झाले असे म्हणून स्वस्थ न बसता तत्काळ परिचारिकेस कळवा. बेर्गर ह्यांनी बारीक रेघ पाहण्यास पाच वर्षे दिली. आपण आपल्या वडीलधाऱ्यांस एक रात्र द्यावयास काय हरकत आहे?